टफन काच घासून मिळत नाही

पाच आठवडे माझ्या जुन्या पिकअप ट्रकच्या दाराला काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद होता. तोही दर दोन दिवसांनी सुटायचा.

ट्रक 60 च्या दशकातला. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात बिजागरीवर फिरणारी ती छोटी तिकोनी काच. तिचं रबर वाळून तडकलेलं, पावसात गुडघ्यावर थेंब, जरा वेग घेतला की शिट्टी, आणि मधला उभा दांडा नेमका आरशाच्या आड. म्हटलं, हे सगळं काढू आणि एकच अखंड काच बसवू.

काढण्यात काहीच कठीण नाही. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उतरवलं, पुढच्या कडेचे स्क्रू आणि दांड्याचा खालचा बोल्ट सोडला, मोठी काच पूर्ण खाली घेतली आणि तिकोनी चौकट मागे कलती करून वर ओढली. पण तो दांडा म्हणजे मोठ्या काचेचा पुढचा रूळ असतो. त्याच्याच खाचेतून ती वर-खाली सरकते. तो गेल्यावर दाराच्या अगदी पुढच्या कडेला नवं फेल्ट चॅनेल, म्हणजे आत मऊ नमद्याचं (फेल्टचं) अस्तर असलेली खाचेची पट्टी, लावावं लागतं. ते लावलं आणि टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या, काचेसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून काचवाल्याकडे दिला.

तिथे घोडं अडलं.

आधी सांगतो, साच्यातली चूक माझी. चॅनेलची खोली मोजली, पण तळाशी बसणाऱ्या फेल्टची जाडी धरलीच नाही. ‘आठ दिवसांत’ म्हणून सांगितलेली काच सतराव्या दिवशी आली आणि शेवटची दोन बोटं वर चढेना. पुढून जेमतेम तीन मिमी जास्त होती. मी ती घेऊन परत गेलो.

“एवढी कड घासून द्या ना.”

“टफन काचेला घासत नाहीत, साहेब. नवीन करावी लागेल.”

मला वाटलं, टाळतोय. घरी येऊन ग्राइंडर काढला. चष्मा आणि हातमोजे घातले होते, तेवढंच शहाणपण. कडेला चाक टेकवलं, दोन-तीन सेकंद पांढरी भुकटी उडाली आणि फट्ट! हातात काहीच नाही. पायाशी खडीसाखरेसारखे दाणे. महिनाभर ते बुटाखाली कुरकुरत होते.

कारण नंतर नीट समजून घेतलं. काच टफन करताना सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा थर दाबात राहतो, आतला ताणात. दोघांचा तोल सांभाळलेला असतो. कडेतून तो बिघडला की अख्खी काच एकदम जाते. म्हणून कापणं, घासणं, भोकं पाडणं सगळं भट्टीच्या आधी.

दुसरी काच मापाला बरोबर आली, पण 5 मिमीची. जुनी 6 ची. चॅनेलमध्ये खडखड वाजायला लागली. “तुम्ही जाडी लिहिली नव्हती.” अहो, पण नमुन्याला जुनी काच तुमच्याच टेबलावर ठेवून आलो होतो! शिवाय भट्टी एका काचेसाठी लावत नाहीत, माल साठेपर्यंत थांबायचं. रोज फोन, रोज ‘उद्या’. तिसरी काच आली तेव्हा मी ती गाडीत ठेवायच्या आधी तिथेच पट्टी लावून चारही कडा आणि जाडी मोजली. काचवाला बघत राहिला. बघू दे.

तुम्ही करणार असाल तर साचा पुठ्ठ्याचा नको. 6 मिमीच्या काचेला 6 मिमीचा प्लायवूड घ्या, तोच दारातल्या काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर चढवा आणि दहा-बारा वेळा हँडल फिरवून पाहा. अडेल तिथे रंधा मारता येतो. मग ऑर्डर द्या, जाडी आकड्यात लिहून.

मशीनचं सांगायचं राहिलंच. तिचा हात जुन्या काचेच्या मध्याला धरून बसवलेला असतो. नवी काच पुढे लांबते, तिचं नाक खाली झुकतं आणि ती तिरकी होऊन अडकते. मी खालची धरणारी पट्टी लांब केली, मशीनची भोकं पुढे सरकवली. चॅनेलचे बोल्टही आधी ढिले ठेवा. काच पूर्ण वर नेऊन, ती स्वतःची जागा घेऊ दे, मग आवळा. आणि खाली नेल्यावर पुढचा कोपरा दाराच्या आतल्या पत्र्याला लागतो का, तेही प्लायवूडवरच कळतं. माझी काच अजून दोन बोटं वर राहते.

आता शिट्टी नाही, आरसा मोकळा दिसतो. उन्हात मात्र ती तिकोनी काच उलटी फिरवली की अंगावर यायचा तो वारा गेला. ते मी धरलंच नव्हतं.

डावीकडच्या दारात ती अजून तशीच आहे. त्या बाजूचा प्लायवूडचा साचा कापून भिंतीला टांगून ठेवलाय. काचवाल्याकडे अजून गेलो नाही.