कागदासाठी का थांबलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फुप्फुसाचा कॅन्सर, तोही चौथ्या टप्प्याचा, हे कळूनही आईची केमो लगेच का सुरू केली नाही, म्युटेशनच्या, म्हणजे जनुकातल्या बदलाच्या, रिपोर्टची वाट का बघत बसलात, हे मला तिच्या आजारपणात विचारलं गेलं आणि ती गेल्यावर जास्तच. तेराव्याला मावशी पाहुण्यांसमोर म्हणाली, "कागदासाठी थांबले हे."

हो, कागदासाठीच थांबलो. औषध त्यावरच ठरणार होतं. ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल झाला असेल तर पेशी वाढतच राहते, आणि ती वाढ रोखणारी गोळी मिळते. "मग गोळी देऊनच बघायची," असं म्हणणाऱ्यांनी २००९ची आयपास चाचणी बघावी, गेफिटिनिब ही अशी गोळी आणि केमो यांची तुलना करणारी. आशियातले बाराशेहून जास्त रुग्ण होते. बदल असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या गाठी गेफिटिनिबने आकसल्या. बदल नसलेल्यांत जेमतेम १ टक्का. त्यांना केमोच बरी पडली. आईने कधी विडी-सिगारेटला हात लावला नव्हता, म्हणून बदल असण्याची शक्यता जास्त होती, एवढंच.

पहिल्या बायोप्सीत सुईने निघालेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. कॅन्सर कोणत्या प्रकारचा हे ठरवण्यातच तो संपला. "जनुक तपासणीसाठी नमुना अपुरा," असं लिहून आलं. सुई घालण्याआधीच पुरेसा नमुना मागायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग रक्त दिलं. रक्तात गाठीचा डीएनए सापडला तर काम भागतं. नाही सापडला, तर बदल नाहीच असं म्हणता येत नाही. आमच्या वेळी सापडला नाही.

म्हणजे पुन्हा सुई. आई तेव्हा उशांना टेकून, बसूनच झोपायची. "मला परत टोचायला लावू नकोस गं," म्हणाली. मी तिच्याशी भांडले. दम लागलेल्या बाईशी तासभर भांडले, शेवटी तिने सही केली. सुई गेली आणि फुप्फुसातून हवा गळायला लागली. छातीत नळी घालावी लागली. ती रात्रभर कण्हत होती आणि मी जवळ गेले की तोंड फिरवत होती. जिन्यात मावशीने मला गाठलं, "तुझ्या तपासण्यांनीच मारशील तिला." मी काही बोलले नाही, कारण त्या घटकेला मलाही तेच वाटत होतं.

नळी असतानाच रिपोर्ट आला: एक्झॉन १९ मध्ये डिलिशन, म्हणजे ईजीएफआरमधला, गोळी चालते असाच बदल. गोळी सुरू झाली. आई आडवी झोपायला लागली. त्या उन्हाळ्यात तिने गच्चीवर कुरडया घातल्या, मावशीला डबाभर पाठवल्याही.

पुढे गोळी चालेनाशी झाली. त्या वेळी टी७९०एम हा, पहिल्या गोळीला दाद न देणारा नवा बदल रक्तातच सापडला, सुई लागली नाही. त्यावरची ओसिमर्टिनिब ही गोळी सुरू केली, मोडता येईल ते मोडून. नंतर ती गोळीही चालेनाशी झाली.

रिपोर्ट आला की आई वाचली, असं मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगायचे. आता सांगत नाही. शिवाय टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा २०२० साली छापून आलेला अभ्यास म्हणतो की गेफिटिनिबच्या जोडीला केमो दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर जातो, त्रासही वाढतो. म्हणजे मावशीचा केमोचा हट्ट अगदीच वावगा नव्हता. पण तो अभ्यासही बदल सापडलेल्या रुग्णांवरचाच आहे, हे तिला कितीदा सांगू?

तिच्या एका प्रश्नापुढे मात्र मी गप्प होते. "दुसऱ्या सुईतूनही काही निघालं नसतं तर?" मग ती नळी, ती रात्र कशासाठी होती, हे मला सांगता येत नाही. तरी पुन्हा तीच वेळ आली तर मी सही मागेन, आणि मावशी पुन्हा आडवी येईल.