कोऱ्या कागदासमोरची वीस मिनिटे

गेल्या वर्षी मी संभाव्यताशास्त्र नव्याने शिकायला घेतले, तेव्हा साधनांची काहीच उणीव नव्हती. एकाच विषयावर चार वेगवेगळ्या शिक्षकांची व्हिडिओ व्याख्याने होती, अडेल तिथे विचारायला चॅटबॉट होता आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक धड्यापुढे हिरवी खूण उमटवणारे अ‍ॅपही होते. नवी माहिती हाती आल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता कशी बदलते हे सांगणाऱ्या बेझच्या सिद्धांतावरचे व्याख्यान मी तीनदा ऐकले आणि तिन्ही वेळा ते मला पूर्ण समजले. चौथ्या दिवशी मैत्रिणीने तोच सिद्धांत समजावून मागितला, तेव्हा कागदावर सूत्र लिहून झाल्यावर मला पुढची एक ओळही सुचली नाही.

उदाहरण नेहमीचेच होते. एखादा आजार हजारात १० जणांना आहे; त्याची चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर ओळखते, पण निरोगी माणसांपैकीही ९ टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. चाचणीत आजारी ठरलेल्या माणसाला तो आजार खरोखरच असण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे ९ टक्के येते, हे व्याख्यानात ऐकून मी थक्क झाले होते. परंतु हजार माणसे डोळ्यांसमोर आणली की १० आजाऱ्यांपैकी ९ सापडतात, ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ८९ जण विनाकारण अडकतात आणि म्हणून त्या एकूण ९८ जणांत खरे आजारी ९च असतात, ही साधी मांडणी मला त्या दिवशी माझी मला करता आली नाही. मैत्रीण काही बोलली नाही. मला मात्र ती शांतता फार लागली, कारण शालेय वयापासून ‘हुशार’ या शब्दावर मी स्वतःची बरीच ओळख उभी केली होती.

त्यानंतर मी शिकण्यावरचे संशोधन वाचू लागले. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो हे मोजायचे, असा त्याचा क्रम होता, आणि विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, हे त्यातून दिसले. माझ्यावर अधिक परिणाम झाला तो हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगाचा. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुनःपुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. आणि आपल्याला अधिक लक्षात राहील असा विश्वास मात्र पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हे वाचताना तीन वेळा ऐकलेले ते व्याख्यान मला आठवले.

समोर आलेली गोष्ट ओळखणे आणि समोर नसलेली गोष्ट आठवून मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मी इतकी वर्षे पहिल्यालाच ज्ञान समजत होते. उत्तम व्याख्यान ऐकताना शिक्षकाच्या विचारांची लय आपल्याला उचलून पुढे नेते, पुढचे वाक्य अपेक्षेप्रमाणेच येते आणि आपण स्वतः चालल्याचा भास होतो. व्याख्यान जितके सुबक, तितका हा भास पक्का. वर्गात निदान कुणीतरी अचानक उभे करून प्रश्न विचारी. पडद्यासमोर ती भीती नाही, हवे तेव्हा थांबवता येते, मागे जाता येते, दीडपट वेगाने ऐकता येते, आणि अडखळण्याची प्रत्येक जागा आपण नकळत गुळगुळीत करून टाकतो.

तरीही तंत्रज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण त्याचे माझ्यावर मोठे ऋण आहे. माझे अपूर्णांक कच्चे होते. शाळेत तो भाग कसाबसा ओलांडला गेला आणि पुढे बीजगणितात प्रत्येक वेळी तिथेच पाय अडकत राहिला. पण इतक्या मोठ्या वयात ‘छेद समान का करायचे?’ असे कुणाला विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. विसाव्या वर्षी, रात्री, कुणाच्याही नजरेआड, मी लहान मुलांसाठीचे ते धडे पहिल्यापासून ऐकले आणि वहीत सोडवले. लाज न वाटता मागे जाता येणे ही मला मिळालेली फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांचा पाया कुठेतरी सुटला आहे त्यांना तिचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

चॅटबॉटच्या बाबतीत माझा निर्णय व्हायला अधिक वेळ लागला. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी लेखनाविषयी दोन तक्रारी घातल्या आहेत: लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो तेच ते पुन्हा सांगतो, आणि लेखनामुळे माणसे ज्ञानी भासतील पण ज्ञानी होणार नाहीत. पहिली तक्रार आता बऱ्याच अंशी मिटली आहे. दुसरी मला पूर्वीपेक्षा अधिक खरी वाटते. ‘हे समजत नाही’ एवढे मोघम लिहिले तरी आज उत्तर येते. नेमके काय समजत नाही हे शोधण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात, आणि माझ्या अनुभवात शिकण्याचा अर्धाअधिक भाग त्या शोधातच असतो.

म्हणून मी क्रम बदलला. नवा भाग एकदा ऐकते किंवा वाचते, मग सर्व काही बंद करून वीस मिनिटे कोऱ्या कागदासमोर बसते आणि आठवेल ते मांडते. ही वीस मिनिटे अजूनही अप्रिय वाटतात. कधी तीन ओळींच्या पुढे जाता येत नाही आणि मन सारखे फोनकडे धावते. पण कुठे अडले हे आता मला बोट ठेवून दाखवता येते, आणि ‘मला हे येत नाही’ हे वाक्य दुसऱ्यासमोर उच्चारताना पूर्वीसारखा आवाज दबत नाही.

मागच्या आठवड्यात बेझचे तेच उदाहरण मी पुन्हा कोऱ्या कागदावर घेतले. उत्तर किंचित चुकले. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की चुकीने आजारी ठरणारे ९ टक्के मी ९९० ऐवजी संपूर्ण १००० माणसांवर काढले होते. कुणालाही न विचारता ती ओळ खोडली, बाजूला ८९ लिहिले आणि मैत्रिणीला फोन करून म्हटले की वेळ असेल तर तो सिद्धांत आता सांगते.