आमची वाटचाल: राहत्या इमारतीत इलेक्ट्रिक गिटार

आमचा स्टुडिओ पुण्यात कोथरूडला, एका राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. सुरुवातीची कामं गळ्याची होती: भावगीतं, गणपतीची गाणी, दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक. तबला, हार्मोनियम, बासरी यांना ती खोली पुरून उरायची. पुढे कॉलेजातले बँड येऊ लागले आणि इलेक्ट्रिक गिटारचं काय करायचं हा प्रश्न आला.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) हळू आवाजात ठेवला की त्याची खरी मजा जाते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर ताणले गेल्यावर जो भरदार, चरचरीत सूर निघतो, तोच गिटारवाल्याला हवा असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ५० वॅटचा अँप मनासारखा उघडला तर कॅबिनेटसमोर, म्हणजे स्पीकरच्या पेटीसमोर, १०० डेसिबल सहज ओलांडतो. भिंतीला फोम लावून हे भागत नाही. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, खर्ज अडवायला वजनदार दुहेरी भिंती लागतात. तो खर्च झेपणारा नव्हता, आणि वरच्या मजल्यांवर तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं राहतात.

म्हणून आम्ही अँपची नक्कल करणाऱ्या प्रोसेसरकडे वळलो. अशा प्रोसेसरांपैकी लाइन सिक्स कंपनीचा पॉड १९९८ पासूनचा, केम्पर २०११ चा, हेलिक्स २०१५ चा. आम्ही हेलिक्स घेतला. पण आमच्या कामाचा पोत बदलला तो हा डबा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनसारखा, म्हणजे त्यात जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसारखा, बसवल्यावर.

वादक वाजवतो तेव्हा आम्ही फक्त कोरा, म्हणजे अँपचा रंग न चढलेला ट्रॅक घेतो, गिटार थेट ऑडिओ कार्डाच्या हाय-झेड (गिटारसाठीच्या उच्च रोधाच्या) इनपुटमध्ये. तो इनपुट साधारण १ मेगओहमचा हवा, नाहीतर पिकअपवर, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकावर, भार पडून तारांची चमक मरते. वादकाच्या कानात अँपचा आवाज असतोच, नाहीतर त्याचा हात मोकळा होत नाही. नंतर त्या कोऱ्या ट्रॅकवर सॉफ्टवेअरचा बाहेरचा इन्सर्ट, म्हणजे ट्रॅक बाहेरच्या यंत्रातून फिरवून आणायची सोय, लावतो. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव रीइन्सर्ट, क्यूबेसमध्ये एक्सटर्नल एफएक्स, लॉजिकमध्ये आय-ओ. ट्रॅक कार्डाच्या आउटपुटमधून बाहेर पडतो, रिअँप बॉक्समधून, म्हणजे पातळी गिटारइतकी उतरवणाऱ्या उपकरणातून, जातो, कारण लाइनची पातळी गिटारपेक्षा बरीच चढी असते, मग प्रोसेसरमध्ये शिरतो आणि दोन वायरींनी परत सेशनमध्ये येतो. मिक्सच्या खिडकीत तो इतर प्लगइनच्या रांगेतच दिसतो.

दोन गोष्टींवर आम्ही हट्टाने वेळ घालवतो. पहिली पातळी. एक किलोहर्ट्झचा सूर पाठवून जाताना आणि येताना मोजतो, कारण अँपच्या डिस्टॉर्शनला, म्हणजे त्या चरचरीला, दोन-तीन डेसिबलचा फरकही कळतो. दुसरी लेटन्सी, म्हणजे सिग्नलला होणारा उशीर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि सिग्नल बाहेर जाऊन परत येतो म्हणजे हा उशीर दोनदा, शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेगळा. पिंग, म्हणजे चाचणीचा छोटा आवाज, मारला की सॉफ्टवेअर तो मोजून भरून काढतं. हे नीट केलं नाही आणि तोच गिटार कोऱ्या ट्रॅकसोबत मिसळला, तर एका मिलिसेकंदाच्या फरकानेही ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. गिटारचा गाभाच तिथे असतो.

मग थेट प्लगइनच का वापरत नाही, असं ग्राहक विचारतात. हेलिक्सचाच प्लगइन, हेलिक्स नेटिव्ह, २०१७ पासून आहे, आम्हीही वापरतो. प्लगइन दहा ट्रॅकवर उघडता येतो, डबा एका वेळी एकाच ट्रॅकला मिळतो, आणि त्याचं काम गाणं पूर्ण वाजवूनच उतरवावं लागतं. तरी माझं मत डब्याकडे झुकतं. वादक वाकून नॉब फिरवतो, वाहचा (सुराला ‘वा-वा’ असा आकार देणारा) पेडल पायाने दाबत आपल्याच वाजवलेल्या सोलोवर नव्याने रंग चढवतो. माउस हातात घेऊन हे होत नाही. आणि आवाज एकदा उतरवायचा म्हटलं की निर्णयही त्याच बैठकीत होतो.

या पद्धतीने आमचं काम पुण्याबाहेर गेलं. नाशिक-सांगलीचे वादक घरी रेकॉर्ड करून कोरे ट्रॅक पाठवतात, दुबईत नोकरी करणारेही पाठवतात. त्यांच्या घरी अँप नसतो, शेजारी मात्र असतात. आम्ही त्यावर अँपचा रंग चढवून परत पाठवतो, आणि कोरा ट्रॅकही जपून ठेवतो. तो वादकाचाच आहे, मागेल तेव्हा देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ट्रॅक पाठवणार असाल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात जोराचा फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. नॉइज गेट (हळू आवाज कापणारी सोय) लावू नका, आणि फाइल गाण्याच्या पहिल्या बारपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या आवर्तनापासून, सुरू करा, गिटार मध्येच येत असला तरी.