लोकरीचे साडेचार हजार तुकडे

फिटर म्हणून पिंपरीत आयुष्य काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर लोकर घेऊन बसला, यावर सोसायटीत बरेच दिवस करमणूक झाली. होऊ द्या. मला भुरळ पडली ती लॅच हुकची, म्हणजे जाळीवर लोकरीचे छोटे तुकडे गाठवून झुबकेदार गालिचा करायच्या हत्याराची. लाकडी मूठ, पुढे वाकडा हुक आणि त्याला बिजागरीवर हलणारी इवलीशी जीभ. स्वेटर विणायच्या मशीनमध्येही अशाच जिभेच्या सुया असतात. इंग्लंडमधल्या मॅथ्यू टाउनसेंडनं त्या १८४०च्या दशकात काढल्या.

लोकरीचा अडीच इंची तुकडा हुकाच्या दांड्याभोवती दुमडायचा. हुक जाळीच्या आडव्या दोऱ्याखालून, जीभ पार होईपर्यंत सरकवायचा. तुकड्याची दोन्ही टोकं हुकात देऊन मागे ओढायचं. जीभ आपोआप मिटते, टोकं फासातून बाहेर येतात, एक हलका हिसका दिला की गाठ पक्की. त्या मिटण्याला बारीकसा टक् आवाज येतो. तेवढ्यासाठी मी रात्री अकरापर्यंत बसतो.

माझ्या जाळीला इंचाला पावणेचार घरं. १६ बाय २० इंचांचा गालिचा म्हणजे ६० गुणिले ७५, साडेचार हजार गाठी. लोकर पावणेतीनशे मीटरच्या वर! रविवार पेठेतून लडी आणल्या आणि खाच पाडलेल्या पट्टीवर गुंडाळून ब्लेडनं कापल्या. पट्टीचा घेर बरोबर अडीच इंच. तयार कापलेली लोकरही मिळते, पण मग पट्टी घासायची मजा कुठली?

पहिल्या गालिच्यात मी मधेच जाळी उलटी फिरवून वरच्या बाजूनं ओळी भरल्या. अर्धी लोकर खाली झुकली, अर्धी वर. रंग एकच, पण लांबून दोन दिसतात.

त्यावर कडी म्हणजे श्रावणात तो मी बादलीत बुडवला. ही म्हणत होती, "अहो, नुसता झटका ना!" जाळी कडक असते ती खळीमुळे, खळ पाण्यात गेली आणि जाळीचं फडकं झालं. वर मी ते एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगलं. चार दिवस वाळलं नाही, कोथरूडभर ओल्या मेंढीचा वास.

आता भिंतीवरचा गालिचा महिन्यातून एकदा जुन्या चादरीवर पालथा घालतो आणि पाठीवर थापट्या मारतो. रस्त्याची धूळ बघून लाज वाटते. मग व्हॅक्यूम, पण फिरता ब्रश काढून, नाहीतर गाठी उपसतो. चहा सांडला तर गार पाण्यात लोकरीच्या साबणाचे दोन थेंब आणि पांढरं फडकं. टिपायचं, घासायचं नाही. वाळवणं सावलीत, खाटेवर सपाट.

पहिला गालिचा दाराबाहेर पायपुसणं झालाय, वाकडाच. दूधवाला त्यावर पाय देत नाही, बाजूनं वळसा घालून पिशवी ठेवतो.