दोन क्यान

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट पुसत होते. ओल्या फडक्याखाली रंग जरासा दबला आणि बोट सरळ आत गेलं. आत लाकूड नव्हतंच. मातीची बारीक नळी, चिमूटभर भुगा आणि उजेड पडल्यावर वैतागून पळणारी पांढुरकी वाळवी. बाहेरून मात्र चौकट ऑइलपेंट लावून गुटगुटीत.

पेस्ट कंट्रोलवाला "उद्या येतो ताई" म्हणाला, म्हणजे परवापर्यंत निवांत. अशा वेळी शहाण्या बाईने कपाटं रिकामी करायला घ्यावीत. मी पूर्वीचे लोक लाकडाला काय लावत होते ते वाचत बसले. कोकणात मावशीकडे वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडलेलं असे. तो काळपट, चिकट वास आणि "हात लावू नको, कातडी सोलेल" ही तंबी एवढंच मला आठवत होतं. वाचता वाचता आयर्लंडला कधी पोचले कळलं नाही.

तिथला एक जॉन हॉवर्ड क्यान. जन्म 1774 चा, डब्लिनचा. विकलो परगण्यात अव्होकाच्या खोऱ्यात बॅलिमर्टा नावाची जागा आहे, तिथे या घराण्याच्या तांब्याच्या खाणी होत्या. पुढे खाणीचं वैभव ओसरलं आणि मालकाचा मुलगा लंडनला व्हिनेगरच्या कारखान्यात नोकरीला लागला. डोक्यात मात्र लाकूड. जहाजं, तुळया, कुंपणं बुरशीने आतून पोखरली जात, त्यावर त्याने पाऱ्याच्या जहाल विषाचा, मर्क्युरिक क्लोराइडचा, उतारा काढला. लाकूड त्या पाण्यात बुडवून ठेवायचं. 1832 मध्ये पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी खुद्द मायकल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यावर व्याख्यान दिलं. इंग्रजीत तर त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. मग लक्षात आलं, की या लाकडात ठोकलेले खिळे आणि बोल्ट गंजून जातात. लाकूड शाबूत, खिळे गायब! थोड्याच वर्षांत क्रिओसोटचं तेल आलं आणि क्यानसाहेब मागे पडले.

के, वाय, ए, एन. हे नाव मी रोज बघत होते.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचा क्लास असतो. लेकीला आणायला गेलं की शेवटची दहा-पंधरा मिनिटं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून भिंत वाचावी लागते. भिंतीवर जुन्या गुरूंचा फ्लेक्स आहे. त्यात एक काटकुळे, बारीक डोळ्यांचे आजोबा आहेत, कुणाशी मारामारी करतील असं अजिबात न वाटणारे. खाली इंग्रजीत नाव, चोतोकू क्यान. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचे.

तर मला एक खोड आहे. नावात नाव सापडलं की मी हातातलं काम टाकते. भांडी राहतात, दूध उतू जातं. आयर्लंडचा क्यान आणि ओकिनावाचा क्यान यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरीही पुढची दुपार त्यातच गेली.

याचं मूळ आमच्या घरच्या फोनमध्ये असावं. बाबांचं नाव इतकं सरधोपट, की टेलिफोन डिरेक्टरीत त्याची रांगच होती. त्या रांगेत बाबांच्या लगेच खाली एक डॉक्टर. लोक घाईत वरचा नंबर फिरवत. रात्री-अपरात्री फोन वाजायचा, "डॉक्टर आहेत का?" पहिल्यांदा पहिल्यांदा आई "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची. पण पलीकडचं मूल रडताना ऐकू यायचं, आणि आईच्याने राहवायचं नाही. मग ती विचारायला लागली, "डॉक्टर इथे नाहीत हो, पण ताप किती आहे?" पुढे पुढे तर तिने फोनशेजारी डॉक्टरांचा खरा नंबर आणि एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली. नंबर सांगायचा, आणि वर "तोवर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवा" हेही सांगायचं. एका दिवाळीत कुणीतरी पेढे घेऊन दारात उभं! बाबा म्हणाले, मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, बाईंना द्यायचेत.

ते डॉक्टर आम्ही कधी पाहिले नाहीत. पण ते आमचे कुणीतरी लागतात असं मला लहानपणी ठाम वाटायचं.

ओकिनावातला प्रकार आपल्याला पटकन समजण्यासारखा आहे. तिथे रिउक्यूचं स्वतंत्र राज्य होतं. सरदार घराण्याला ज्या गावचं इनाम, त्या गावाचं नाव लागायचं. आपल्या 'कर' मंडळींसारखंच, फक्त इनाम बदललं की आडनावही बदलायचं. घराणं ओळखायचं ते नावाच्या पहिल्या अक्षरावरून. राजघराण्याच्या शाखांत ते 'चो'. म्हणून वडील चोफू, मुलगा चोतोकू. 1879 मध्ये जपानने राज्य खालसा केलं, राजाला तोक्योला नेलं. वडीलही राजाबरोबर गेले. इनामं गेली, आडनावं तेवढी उरली. चोतोकूंना पुढे गरिबीत दिवस काढावे लागले. कादेनाला त्यांनी शेतकी शाळेत आणि पोलीस ठाण्यात कराटे शिकवलं. त्यांच्या एका शिष्याची शैली पुढे मरीन सैनिकांबरोबर अमेरिकेत पोचली.

म्हणजे एकाची खाण गेली, एकाचं राज्य गेलं. जुळवायचंच म्हटलं तर काहीही जुळतं.

खरी गंमत पुढे आहे. आयरिश क्यान स्वतःला 'कायन' म्हणवतात. आणि ओकिनावातल्या बोलीत क्यानचा उच्चार 'चान'. चोतोकूंचं टोपणनावच होतं 'चान मीगवा', बारीक डोळ्यांचा चान. कायन आणि चान! देवनागरीत लिहिले असते तर दोघे कधी भेटलेच नसते. त्यांची गाठ पडली ती रोमन लिपीच्या धर्मशाळेत. आयर्लंडमधली गावंही अशीच रोमन केलेली. 1824 पासून इंग्रज सरकारच्या मोजणीदारांनी शिवार न् शिवार पालथं घातलं आणि लोकांच्या तोंडची आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगात बसवली. टाउनलँड म्हणतात त्या तुकड्यांना, सरासरी तीनशे एकरांचा एक. असे साठ हजारांवर. त्यात किलमोर नावाचे कितीतरी. खेड्यातल्या घरांना नंबर नाहीत. पत्ता म्हणजे आडनाव आणि टाउनलँड, आणि एका टाउनलँडमध्ये चार घरं मर्फींची. 2015 मध्ये घराघराला पोस्टाचा वेगळा कोड मिळाला, तोवर सगळी भिस्त पोस्टमनच्या डोक्यावर. लोक आपले शाखाशाखांना टोपणनावं ठेवून मोकळे. ओकिनावातल्या खेड्यांतही तेच. गावात सगळेच हिगा नाहीतर किंजो, म्हणून घराला वेगळं नाव, यागो. हे दोघांनी एकमेकांना न विचारता केलं. इथे मला कुणी फोनशेजारची पेन्सिल दाखवली असती तर मी लगेच ओळखली असती.

क्यान नावाची जागा ओकिनावात अजून आहे. बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, इतोमानमध्ये, समुद्रात घुसलेले उंच कडे. 1945 च्या जूनमध्ये दुसऱ्या महायुद्धातली लढाई सरकत सरकत तिथे आली. पुढे समुद्र, मागे अमेरिकन सैन्य, मध्ये शरण जाऊ न देणारे जपानी सैनिक आणि हजारो गावकरी. कितीतरी जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या. चोतोकू क्यान लढाईतून वाचले आणि त्याच सप्टेंबरात इशिकावाच्या निर्वासित छावणीत वारले. उपासमारीने, असं सांगतात.

जवळच माबुनीला 1995 मध्ये काळ्या दगडांच्या भिंती उभारल्या. लढाईत मेलेल्या सगळ्यांची नावं, देश कुठलाही असो, दोन लाख चाळीस हजारांहून अधिक. ओकिनावाची माणसं गावागावाने लावलेली आहेत, एकेक आडनाव ओळीने खाली उतरत जातं. अमेरिकनांच्या रांगेत मर्फी, केली, सलिव्हन. आणि मध्येच अशा ओळी, ज्यांत नावच नाही. अमक्याचा थोरला मुलगा. अमकीची मुलगी. बारसं व्हायच्या आधी गेलेली, किंवा ज्यांना नावाने ओळखणारं घरात कुणी उरलंच नाही अशी.

तेवीस जूनला तिथे स्मृतिदिन असतो. त्याआधी दरवर्षी नव्याने कळलेली नावं दगडात कोरतात. अजून कळताहेत.