यॉर्क : कानांनी घडवलेले नाव

लंडनहून सुमारे दोन तासांच्या रेल्वेप्रवासानंतर यॉर्कला उतरलो, नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो आणि ‘कॉपरगेट’ अशी पाटी दिसली. पुण्यातील तांबट आळी पायाखालची असल्याने ही इथल्या तांबटांची वस्ती आणि जवळच तिची वेस असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. दोन्ही अंदाज चुकले. येथील ‘गेट’ हा व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दींच्या, जुन्या नॉर्स भाषेतला ‘गाता’, म्हणजे रस्ता. वेशीला यॉर्कमध्ये ‘बार’ म्हणतात, त्यामुळे ‘मिकलगेट बार’ ही थोरल्या रस्त्याची वेस ठरते. कॉपरगेट हा तर लाकडी पेले घडवणाऱ्या कातारींचा रस्ता. १९७६ ते १९८१ या काळात येथे झालेल्या उत्खननात त्यांच्या कातकामाचे अवशेषही सापडले.

परक्या शब्दात ओळखीचा शब्द ऐकू येणे, हेच या शहराच्या नावाचेही झाले आहे. इ.स. ७१ मध्ये रोमनांच्या नवव्या लीजनने, म्हणजे सैन्यदलाने, ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमाजवळ किल्ला उभारला, तेव्हा स्थानिक ब्रिटन लोकांच्या बोलीतले नाव लॅटिन वळणाने ‘एबोराकम’ झाले. त्याचा अर्थ यू या सदाहरित वृक्षांची जागा असा बहुतेक अभ्यासक लावतात. काही जण त्यात एबुरोस नावाच्या माणसाची मालकी पाहतात. वडगाव-पिंपळगाव ऐकत वाढलेल्या मला झाडच अधिक पटते. पुढे आलेल्या अँग्लो-सॅक्सन या जर्मॅनिक लोकांना ‘एबोर’मध्ये त्यांचा ‘एओफोर’, म्हणजे रानडुक्कर, ऐकू आला आणि त्याला व्यापारी वस्तीचा ‘विक’ जोडून ‘एओफोरविक’ तयार झाले. व्हायकिंगांनी ८६६ मध्ये शहर घेतले आणि त्याचे ‘योर्विक’ केले. त्यांच्या भाषेत ‘विक’ म्हणजे खाडी, समुद्र मात्र येथून बराच दूर आहे. तेच झिजत झिजत यॉर्क झाले, आणि १६६४ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कच्या पदवीतून अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कला पोहोचले.

संध्याकाळी मी मिन्स्टर या भव्य कॅथेड्रलपाशी थांबलो. त्याच्या पायाखाली त्याच रोमन किल्ल्याच्या मुख्यालयाचे अवशेष आहेत, आणि येथील आर्चबिशप आजही स्वाक्षरी करताना आपल्या नावापुढे ‘एबोर’ लिहितात.