मावशीचे लग्न, सहा स्पीकर आणि एक पांढरी पिन

घरात नवा ए.व्ही. रिसीव्हर, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांतले चित्र आणि आवाज घेऊन टीव्ही आणि स्पीकरकडे पोचवणारे यंत्र, आला, पाच स्पीकर आणि एक सबवूफर दिवाणखान्यात आपापल्या जागी बसले, आणि पहिल्याच रविवारी आईने विचारले, “यावर मावशीच्या लग्नाची कॅसेट लागेल का?” लग्न १९९३ सालचे, सांगलीचे. माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला, तर तो सुरू झाला. त्याच्याच खोक्यात एक जुना डीव्हीडी प्लेअरही निघाला. ही दोन यंत्रे रिसीव्हरला जोडण्यात माझे दोन रविवार गेले, आणि त्यातला बराचसा वेळ एकाच गैरसमजापायी गेला: चित्र आणि आवाज दोन्ही रिसीव्हरमधूनच गेले पाहिजेत, असे मी धरून चाललो होतो.

रिसीव्हरच्या पाठीमागे चित्राचा पिवळा सॉकेट दिसला, म्हणून व्हीसीआरची पिवळी पिन मी तिथे लावली आणि टीव्ही नेहमीप्रमाणे एचडीएमआयवर ठेवला. आवाज आला, पडदा मात्र काळाच राहिला. माहितीपुस्तिका वाचल्यावर कळले की या रिसीव्हरमध्ये पिवळ्या सॉकेटमधून आत आलेले चित्र पिवळ्याच सॉकेटमधून बाहेर पडते. ते एचडीएमआयवर चढवण्याची सोय काही रिसीव्हरांत असते, माझ्यात नव्हती. मग रिसीव्हरला वळसा घातला. चित्र व्हीसीआरमधून थेट टीव्हीला दिले आणि रिसीव्हरकडे फक्त आवाज नेला. व्हीएचएसचे, म्हणजे या जातीच्या कॅसेटचे, चित्र मुळातच आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतके स्पष्ट असते, त्यामुळे ते मधल्या यंत्रातून फिरवून सुधारण्यासारखेही काही नव्हते.

आवाजाची गोष्ट अधिक रंजक निघाली. आमचा व्हीसीआर मोनो, म्हणजे डावा-उजवा असा भेद नसलेला एकच आवाज देणारा, आणि त्यासाठी पाठीमागे एकच पांढरा सॉकेट. ती पिन रिसीव्हरच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये घातली तेव्हा अख्खे लग्न डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरमध्ये जाऊन बसले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एकाची दोन टोके करणारी लहानशी वायर आणली, तोच आवाज पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही सॉकेटना दिला आणि रिमोटवरून डॉल्बी प्रो लॉजिक टू ही दोन वाहिन्यांचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारी पद्धत निवडली. त्याबरोबर भटजींचा आवाज उचलला जाऊन टीव्हीच्या खालच्या, मधल्या स्पीकरमधून येऊ लागला. यात जादू नाही. डाव्या-उजव्या वाहिन्यांत, म्हणजे आवाजाच्या दोन स्वतंत्र धारांत, जे अगदी सारखे असते ते मध्यभागी पाठवायचे आणि जे वेगळे असते ते कडेला किंवा मागे पाठवायचे, हाच या पद्धतीचा गाभा आहे. मोनो कॅसेटमध्ये सगळेच सारखे असल्याने सगळे मध्यभागी येते. मागचे स्पीकर गप्प राहतात, आणि ते गप्प राहणेच योग्य आहे. पाचही स्पीकरमधून एकच आवाज सोडणारी सोयही रिमोटवर आहे. ती लावून पाहिली, तर नवरीकडच्या आत्या सोफ्याच्या मागून बोलू लागल्या. ती लगेच बंद केली.

हाय-फाय व्हीसीआर असता तर त्याच्या लाल आणि पांढऱ्या सॉकेटमधून खरा स्टीरिओ मिळाला असता, पण त्यासाठी कॅसेटवरही हाय-फाय ध्वनी भरलेला असावा लागतो. तो फिरत्या हेडने तिरका लिहिला जातो. साध्या व्हीसीआरवर उतरवलेल्या प्रतीत तो येतच नाही, पट्टीच्या कडेचा सरळ मोनो आवाजच तेवढा येतो. लग्नाच्या कॅसेटी बहुधा अशाच प्रती असतात. शिवाय आमच्या व्हिडिओवाल्याने निम्म्या लग्नावर सनई आणि चित्रपटगीते चढवली आहेत, त्यामुळे माणसांचे खरे आवाज जिथे तो विसरला तिथेच ऐकू येतात.

दोन अडचणी उरल्या. पहिली गुणगुणीची: स्पीकरमधून एकसारखी जाड घूं येत होती. व्हीसीआरच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये केबलवाल्याची वायर मी सवयीने लावून ठेवली होती. ती काढताच घूं थांबली. केबलचे अर्थिंग आणि घरातले अर्थिंग अशा दोन वाटा एकत्र आल्या की वायरींच्या जाळीतून थोडा प्रवाह फिरतो आणि विजेच्या ५० हर्ट्झचा तो स्वर ऐकू येतो. दुसरी अडचण टाळ्यांची होती. शेवटच्या ‘सावधान’नंतर टाळ्या आधी ऐकू येत आणि हात नंतर जुळत. जुने चित्र मोठ्या पडद्यासाठी तयार करताना टीव्ही थोडा वेळ घेतो, आवाज मात्र थांबत नाही. रिसीव्हरमध्ये आवाज मागे ठेवण्याची सोय असते. तिथे १२० मिलिसेकंद, म्हणजे पाल (PAL) या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या तीन फ्रेमएवढा वेळ दिल्यावर हात आणि टाळी जुळली.

डीव्हीडी प्लेअर त्यामानाने सरळ निघाला. चित्रासाठी हिरव्या-निळ्या-लाल वायरी थेट टीव्हीला दिल्या. फक्त पाठीमागे दोन लाल सॉकेट असतात, एक चित्राचा आणि एक आवाजाचा, हे लक्षात येईपर्यंत पडद्यावरचे सगळे चेहरे हिरवट दिसत होते. आवाजासाठी नारिंगी रंगाचा डिजिटल कोअ‍ॅक्शियल सॉकेट वापरला. त्याला ७५ ओहमची वायर लागते आणि चित्राची पिवळी वायरही तशीच असते, म्हणून नवी विकत न घेता रिकामी पडलेली पिवळीच लावली. तरीही दोनच वाहिन्या येत राहिल्या. प्लेअरच्या मेन्यूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर होते, म्हणजे सहा वाहिन्यांच्या दोन करूनच प्लेअर आवाज बाहेर सोडत होता. ते ‘रॉ’वर, म्हणजे आवाज जसाच्या तसा सोडण्यावर, नेले आणि रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल ही अक्षरे उमटली.

आईला त्याचे विशेष वाटले नाही. तिने व्हीसीआर पुन्हा लावायला सांगितला आणि गौरीहराच्या भागापर्यंत कॅसेट पुढे न्यायला लावली, कारण व्हिडिओवाला तिथे गाणे घालायचे विसरला आहे.